डॉ. व्हिक्टर बॉनी: गाठ काढायची, पिशवी राखायची

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा पहिला प्रश्न एकच असतो: पिशवी काढावी लागेल का? सोबत नवरा असतो, कधी आई, कधी सासूबाई. रिपोर्टमध्ये फायब्रॉइड हा शब्द असतो आणि पुढे सेंटीमीटरमध्ये काही आकडे असतात. शेजारपाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आधीच सांगितलेले असते की गाठ म्हणजे पिशवी काढणे आलेच. काही जणी तर मनाची तयारी करूनच आलेल्या असतात.

आज या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा नाही असे देता येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते जवळजवळ नेहमी हो असेच होते. हे उत्तर बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले, त्यांत लंडनचे स्त्रीरोग शल्यचिकित्सक डॉ. व्हिक्टर बॉनी यांचे नाव फार वरचे आहे. आमच्या शिक्षणात त्यांचे नाव रोज कानावर पडायचे, कारण त्यांच्या नावाचे पुस्तक, त्यांच्या नावाचा चिमटा आणि त्यांच्या नावाचे निळे औषध आजही ओळखले जाते. मात्र या नावामागे एका घरातले दुःख आहे, हे रुग्णांना सहसा माहीत नसते. आज त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगतो आणि ती सांगतासांगता फायब्रॉइडवरच्या आजच्या उपचारांचीही माहिती देतो.

आधी थोडे फायब्रॉइडविषयी

गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. साधारण मुठीएवढा, उलट्या पेरूसारख्या आकाराचा. त्याच्या भिंतीतल्या स्नायूपेशी एका जागी वाढत गेल्या की घट्ट, रबरासारखी गोल गाठ तयार होते. तीच फायब्रॉइड. ही गाठ कॅन्सरची नसते. फायब्रॉइडसारखी दिसणारी गाठ प्रत्यक्षात कॅन्सरची निघणे फार क्वचित घडते.

गाठ कुठे आहे यावर त्रास ठरतो. ती भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर मोठी होऊनही अनेकदा काही जाणवत नाही. भिंतीच्या आत असेल तर पाळी जास्त जाऊ शकते, ओटीपोट जड वाटते, लघवीला वारंवार जावे लागते. आणि ती आतल्या अस्तराखाली, म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी असेल, तर अगदी दोन सेंटीमीटरची गाठही प्रचंड रक्तस्राव घडवू शकते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. बॉनी यांच्या गोष्टीत तिला फार महत्त्व आहे.

डॉक्टरांच्या घरात जन्म

व्हिक्टर बॉनी यांचा जन्म 1872 साली लंडनमधील चेल्सी भागात झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही तीच वाट धरली. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी 1890 च्या दशकात वैद्यकीय पदव्या मिळवल्या आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिपही घेतली. पुढचे जवळजवळ सगळे कामाचे आयुष्य मिडलसेक्स हॉस्पिटल आणि चेल्सी हॉस्पिटल फॉर विमेन या दोन ठिकाणी गेले.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म किंवा ईथर. रक्तगटांचा शोध 1901 मध्ये नुकताच लागत होता; रक्त चढवणे ही रोजची गोष्ट नव्हती, रक्तपेढी तर नव्हतीच. अँटिबायोटिक यायला आणखी चाळीस वर्षे होती. सोनोग्राफीची कल्पनाही नव्हती. पोट उघडल्यावर आत काय आहे, किती गाठी आहेत, हे डोळ्यांनी आणि बोटांनी पाहायचे आणि तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा.

अशा काळात फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढून टाकणे हा सर्जनच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग होता. रक्तवाहिन्या ठरलेल्या जागी बांधायच्या, अवयव काढायचा, पोट शिवायचे. उलट फक्त गाठ काढायची म्हटले तर गर्भाशयाची भिंत कापावी लागते, आणि त्या भिंतीला भरपूर रक्तपुरवठा असतो. गाठ निघालेल्या खड्ड्यातून रक्त वाहत राहिले तर रुग्ण टेबलावरच दगावण्याची भीती. शिवाय जखमेत जंतुसंसर्ग झाला तर वाचण्याची आशा कमी. म्हणून फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, जिला आपण मायोमेक्टॉमी म्हणतो, बहुतेक सर्जन टाळत. ती धोक्याची आहे, आणि गाठी पुन्हा होऊ शकतात तर कशाला करायची, असा त्यांचा विचार होता. तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. त्यांना रुग्ण जिवंत घरी पाठवायचा होता.

घरातले ऑपरेशन

1905 साली बॉनी यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव ॲनी. त्या टास्मानियातील एका डॉक्टरांच्या कन्या. दोघांनाही मूल हवे होते.

मात्र ॲनी यांना पाळीत अतिशय रक्तस्राव होऊ लागला. इतका की त्यांना गंभीर रक्तक्षय झाला. कारण होते गर्भाशयातला फायब्रॉइड, आतल्या अस्तराखाली असलेला. एकच. जीव वाचवायचा तर उपाय करणे भाग होते, आणि त्या दिवसांत उपाय म्हणजे गर्भाशय काढणे. ते काढले गेले. ॲनी वाचल्या. त्या दोघांना मूल कधीच झाले नाही.

जरा थांबून विचार करा. नवरा स्वतः स्त्रीरोग शल्यचिकित्सक. एका साध्या गाठीसाठी, जी कॅन्सरची नव्हती, बायकोचे आई होणे कायमचे संपले, आणि त्याला ते होताना पाहावे लागले. पुढे बॉनी मायोमेक्टॉमीचे इतके कट्टर पुरस्कर्ते का झाले, हे सांगताना त्यांचे चरित्र लिहिणारे या घटनेकडेच बोट दाखवतात.

आज ॲनी यांच्यासारखी रुग्ण आली तर? सोनोग्राफीत गाठ दिसेल. योनीमार्गातून एक बारीक दुर्बीण गर्भाशयात घालून, तारेच्या तापलेल्या लूपने गाठ आतूनच खरवडून काढता येईल. पोटावर एकही टाका नाही. बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. या उपचाराला हिस्टेरोस्कोपिक मायोमेक्टॉमी म्हणतात. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट न्यूवर्थ यांनी प्रोस्टेटच्या ऑपरेशनमधले उपकरण वापरून हे काम कसे करता येते ते प्रसिद्ध केले. ॲनी यांना त्याचा उपयोग व्हायला सत्तर वर्षे उशीर झाला होता.

म्हणून रिपोर्टमध्ये सबम्युकस हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ डॉक्टरांना नीट विचारा. गाठ बऱ्यापैकी पोकळीत असेल आणि फार मोठी नसेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी असू शकतो.

रक्त कसे थांबवायचे?

बॉनी यांनी दुःख उगाळत न बसता ऑपरेशनच्या अडचणीकडे लक्ष दिले. मायोमेक्टॉमी धोक्याची का? रक्तस्रावामुळे. मग रक्तस्राव थांबवला तर?

गर्भाशयाला मुख्यतः दोन बाजूंच्या दोन मोठ्या धमन्यांतून रक्त मिळते. त्या गर्भाशयाच्या खालच्या भागापाशी आत शिरतात. बॉनी यांनी एक खास चिमटा तयार केला. तो गर्भाशयाच्या खालच्या भागावर बसवला की या धमन्या तात्पुरत्या दाबल्या जातात. बीजांडाकडून येणाऱ्या वाहिन्याही वेगळ्या चिमट्यांनी थोडा वेळ धरून ठेवायच्या. आता गर्भाशयात रक्त येत नाही. सर्जनला शांतपणे भिंत उघडता येते, मटाराच्या शेंगेतून दाणा सोलावा तशी गाठ तिच्या आवरणातून सोडवता येते, राहिलेली पोकळी थर-थर शिवून बंद करता येते. मग चिमटा काढायचा. रक्त पुन्हा सुरू होते आणि गर्भाशय जिवंत राहते. बॉनीज मायोमेक्टॉमी क्लॅम्प म्हणून हे उपकरण जगभर गेले.

दुसरी अडचण होती टाक्यांची. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर टाके राहिले तर त्यांना आतडी चिकटतात आणि पुढे त्रास होतो. बॉनी यांनी शक्य तेव्हा समोरच्या बाजूच्या एकाच छेदातून अनेक गाठी काढण्यावर भर दिला. मागची मोठी गाठ काढताना उरलेली सैल भिंत टोपीसारखी पुढे ओढून समोर शिवायची, म्हणजे टाक्यांची रेघ मागे राहत नाही, अशी पद्धत त्यांनी बसवली. एका रुग्णाच्या गर्भाशयातून त्यांनी 225 गाठी काढल्या आणि गर्भाशय राखले, अशी नोंद आहे.

हळूहळू त्यांच्या मायोमेक्टॉमींची संख्या शेकड्यांत गेली आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे एकावर आले. रक्तपेढी आणि पेनिसिलिनच्या आधीच्या काळात हा आकडा सहकाऱ्यांना विचार करायला लावणारा होता. त्यांचे म्हणणे साधे होते. रोग बरा करताना अवयव आणि त्याचे काम दोन्ही शिल्लक राहणे, हे शस्त्रक्रियेचे खरे यश. निरोगी बीजांडे असोत की गर्भाशय, निव्वळ सोय म्हणून ते काढू नये.

गर्भाशय काढण्याला विरोध नव्हता

इथे एक गैरसमज टाळायला हवा. बॉनी सरसकट गर्भाशय वाचवा म्हणणारे नव्हते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी करायची अत्यंत मोठी आणि अवघड शस्त्रक्रिया, ज्यात गर्भाशयासोबत आजूबाजूचे ऊतक आणि लसिका ग्रंथीही काढतात, ती त्यांनी सुमारे 500 वेळा केली. त्या काळात ही शस्त्रक्रिया करणारे ब्रिटनमधले ते आघाडीचे सर्जन होते.

म्हणजे जिथे काढणे गरजेचे, तिथे ते मागे हटले नाहीत. जिथे गरज नव्हती, तिथे त्यांनी सोपा मार्ग धरला नाही. आजही चांगल्या सल्ल्याची ओळख हीच. तुमचे वय, त्रास, मूल हवे की नको, गाठींची जागा आणि संख्या पाहून डॉक्टर सल्ला देतात की रिपोर्टमध्ये फायब्रॉइड शब्द दिसताच एकच उत्तर देतात, याकडे लक्ष ठेवा.

पुस्तक, निळे औषध आणि वाद

मिडलसेक्समधील ज्येष्ठ सहकारी कॉमिन्स बर्कली यांच्यासोबत बॉनी यांनी 1911 मध्ये स्त्रीरोग शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यातील चित्रे बॉनी यांनी स्वतः काढली होती. ऑपरेशनची प्रत्येक पायरी कशी दिसते, हात कुठे असावेत, टाका कुठून घ्यावा, हे ते रेखाटून दाखवत. हे पुस्तक पुढच्या पिढ्यांनी अद्ययावत करत ठेवले आणि त्यांच्या नावाने ते आजही छापले जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मिडलसेक्सचे जंतुशास्त्रज्ञ कार्ल ब्राउनिंग यांच्यासोबत त्यांनी दोन रंगद्रव्यांपासून जंतुनाशक द्रावण तयार केले. बॉनीज ब्लू या नावाने ते ओळखले जाते. पुढे शस्त्रक्रियेत खुणा करण्यासाठी आणि लघवीच्या पिशवीला कुठे छिद्र तर नाही ना, हे पाहण्यासाठीही ते वापरले गेले.

स्वभावाने ते ठाम होते. 1929 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे वेगळे कॉलेज स्थापन झाले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. स्त्रीरोगतज्ज्ञ हा आधी सर्जन आहे, त्याने सर्जनांच्या संस्थेतच राहावे, असे त्यांचे मत होते. ते स्वतः रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कौन्सिलवर होते. नव्या कॉलेजने मात्र मन मोठे केले आणि 1946 मध्ये त्यांना मानद फेलोशिप दिली. त्याच वर्षी, वयाच्या सत्तरीनंतर, मायोमेक्टॉमीतल्या बारीकसारीक तांत्रिक गोष्टी सांगणारे त्यांचे पुस्तकही आले. 1953 साली त्यांचे निधन झाले.

बॉनी यांच्यानंतर काय बदलले?

बॉनी यांची मायोमेक्टॉमी पोट उघडूनच होत असे. गाठी खूप मोठ्या किंवा खूप संख्येने असतील तर आजही पोट उघडून करणे हाच चांगला मार्ग असू शकतो. पण त्यांनी सोडवलेले दोन प्रश्न, रक्तस्राव कसा आवरायचा आणि गर्भाशय कसे राखायचे, पुढच्या डॉक्टरांनी कमी चिरफाडीत सोडवले.

दुर्बिणीतून मायोमेक्टॉमी. जर्मनीतील कील येथील डॉ. कुर्ट झेम यांनी 1970 च्या दशकात लॅपरोस्कोपीची अनेक उपकरणे तयार केली आणि तिच्यातून फायब्रॉइड काढण्याची सुरुवात केली. पोटावर तीन-चार छोटी छिद्रे, आत कॅमेरा आणि लांब उपकरणे. दुखणे कमी, घरी लवकर जाता येते. गर्भाशयाची भिंत आतून नीट शिवणे मात्र कौशल्याचे काम आहे, म्हणून सर्जनचा अनुभव विचारणे योग्यच. मोठी गाठ छोट्या छिद्रातून काढण्यासाठी तिचे तुकडे करावे लागतात. गाठीत क्वचित लपलेला कॅन्सर असेल तर तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने 2014 मध्ये दिला. त्यानंतर आधी तपासणी करणे आणि गाठीचे तुकडे पोटातल्या पोटात पिशवीत करणे यावर भर वाढला आहे.

धमनी बंद करण्याचा उपचार. याला युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन म्हणतात. पॅरिसचे डॉ. जाक राविना आणि सहकारी मायोमेक्टॉमीच्या आधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयाच्या धमन्या आतून बंद करत असत. काही रुग्णांचा त्रास तेवढ्यानेच इतका कमी झाला की ऑपरेशनची गरजच उरली नाही. 1995 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. बॉनी यांचा चिमटा रक्त तात्पुरते थांबवत असे. इथे गाठीचे रक्त कायमचे थांबवून तिला सुकवले जाते. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी घालून हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. पूर्ण भूल लागत नाही. पहिल्या दिवशी पोटात कळा येतात, त्यावर औषध देतात. नंतरच्या काही महिन्यांत गाठ आकसते, पण पूर्ण नाहीशी होत नाही. पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना हा उपचार सहसा पहिला पर्याय म्हणून सुचवत नाहीत.

उष्णतेने गाठ जाळणे. केंद्रित अल्ट्रासाउंड लहरी शरीराबाहेरून गाठीवर एकवटून किंवा सुईतून रेडिओलहरींची उष्णता देऊन गाठीचा भाग निकामी करतात. एमआरआयच्या मदतीने करायच्या अल्ट्रासाउंड उपचाराला अमेरिकेत 2004 मध्ये परवानगी मिळाली. सगळ्याच गाठींना हे चालत नाही. गाठींची संख्या, जागा आणि एमआरआयमधले स्वरूप पाहून ठरवतात. ही सोय सध्या मोठ्या शहरांतील मोजक्या ठिकाणीच आहे.

औषधे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोन सोडणारी गर्भाशयातली कॉपर-टीसारखी वस्तू, गाठ तात्पुरती लहान करणारी इंजेक्शने किंवा गोळ्या. काही जणींना पाळी जाईपर्यंत एवढ्यावर निभावते, कारण रजोनिवृत्तीनंतर बहुतेक फायब्रॉइड आपोआप आकसतात.

काहीच न करणे. त्रास नसलेल्या गाठीला बऱ्याचदा उपचार लागतच नाहीत. ठराविक काळाने सोनोग्राफी पुरते.

तोटेही जाणून घ्या

गर्भाशय राखणाऱ्या प्रत्येक उपचारानंतर गाठी पुन्हा होऊ शकतात आणि काही जणींना काही वर्षांनी पुन्हा उपचार घ्यावा लागतो. बॉनी यांचे विरोधक हेच म्हणत होते आणि ते खरे आहे. मायोमेक्टॉमीनंतर लगेच गरोदर राहू नये. किती महिने थांबायचे ते डॉक्टर सांगतील. भिंत खोलवर शिवली असेल तर प्रसूती सिझेरियनने करावी लागू शकते, कारण कळांच्या वेळी तो भाग फाटण्याचा थोडा धोका असतो. म्हणून ऑपरेशनचा कागद जपून ठेवा आणि पुढच्या गरोदरपणात नक्की दाखवा.

ज्यांची मुले झाली आहेत, त्रास मोठा आहे, बाकीचे उपाय करून झाले आहेत आणि पुन्हा उपचाराची टांगती तलवार नको आहे, त्यांच्यासाठी गर्भाशय काढणे हा योग्य निर्णय असू शकतो. तो पूर्ण माहिती घेऊन स्वतः केलेला असला, तर त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

ही गोष्ट आपल्याकडे का सांगायची?

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तरुण वयातच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात झाल्याचे समोर आले आणि 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची मुळे फायब्रॉइडपुरती मर्यादित नाहीत. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, उसाच्या फडात नसलेले पाणी आणि संडास, कॅन्सर होईल अशी घातलेली भीती, असे बरेच काही त्यात आहे. पण आता मुले झाली, पिशवीचे काय काम, हे वाक्य आपण शहरातल्या सुशिक्षित घरांतही ऐकतो. लहान वयात गर्भाशयासोबत बीजांडेही काढली तर शरीरातले इस्ट्रोजेन एकदम थांबते. हाडे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून बीजांडे ठेवणार की काढणार, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायलाच हवा.

डॉक्टरांना काय विचाराल?

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- गाठी किती आहेत, केवढ्या आहेत आणि गर्भाशयाच्या कोणत्या भागात आहेत?
- माझा त्रास नक्की याच गाठींमुळे आहे का?
- आत्ता उपचार घेतला नाही तर काय होईल?
- दुर्बिणीने, एम्बोलायझेशनने किंवा औषधाने माझे काम होऊ शकते का? नसेल तर का नाही?
- मला पुढे मूल हवे आहे. त्यावर या उपचाराचा काय परिणाम होईल?
- गर्भाशय काढायचे ठरले तर बीजांडे राहतील का?
- तुमच्याकडे ही सोय नसेल तर मी कुठे जाऊ?

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. फायब्रॉइडमध्ये घाईने निर्णय घ्यावा लागण्याची वेळ क्वचितच येते.

मात्र काही वेळा थांबू नये. एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, चक्कर येत असेल, धाप लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले किंवा गाठ वाढू लागली, तर तपासणी लांबवू नका. आणि अंगावरून जास्त जाते हे बायकांचे नेहमीचेच, असे समजून वर्षानुवर्षे अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे आणि त्यावर लोहाचे उपचार लगेच सुरू करता येतात.

ॲनी बॉनी यांना निवड करायला मिळाली नाही, कारण त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. तुमच्यापुढे चार-पाच मार्ग आहेत. त्यातला कोणता आपल्यासाठी आहे, हे डॉक्टरांसमोर बसून, सगळे प्रश्न विचारून, घरच्यांशी बोलून ठरवा.